सिझेरियननंतर पायांना येणारे झटके : एका दुर्मीळ गुंतागुंतीचा परिचय

वैद्यकीय अभ्यासलेख – भूलशास्त्र विभाग

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कामाचा आढावा, हिशेब आणि आभार यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाचा परिचय करून देण्याची प्रथा आहे. देणगीदारांना आपले दान नेमके कोणत्या कामी आले हे कळावे, विश्वस्तांना विभागाच्या मागण्यांमागील कारणे समजावीत आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना उपचारांची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू. यंदा भूलशास्त्र विभागाने निवडलेला विषय फारसा कुणाच्या ऐकिवात नसेल. सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलेनंतर क्वचित एखाद्या मातेच्या पायांना आपोआप झटके येऊ लागतात. ही गुंतागुंत अत्यंत दुर्मीळ असून बहुधा काही तासांत, मागे काहीही न ठेवता ओसरते. मग तिच्यासाठी एवढी पाने कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर असे, की हे झटके स्वतः निरुपद्रवी असले, तरी त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या इतर काही गोष्टी प्राणघातक असू शकतात आणि त्यांतील फरक ओळखण्यासाठी हाती फार थोडी मिनिटे असतात.

एका सायंकाळची हकिकत

रुग्णेची ओळख उघड होऊ नये म्हणून पुढील वृत्तान्तात काही तपशील वगळले आहेत.

ही भगिनी दुसऱ्या बाळंतपणासाठी आपल्याकडे दाखल झाली होती. पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले असल्याने आणि जुन्या टाक्याच्या जागी दुखू लागल्याने या वेळीही शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यात आला. पाठीतून भूल दिली. पाय जड झाले, पोट बधिर झाले, शस्त्रक्रिया नेहमीप्रमाणे पार पडली. बाळ चांगले रडले. मातेने त्याचे तोंड पाहिले आणि तिला देखरेख कक्षात आणण्यात आले.

भूल देऊन सुमारे दोन तास झाले असतील. पायांची बोटे थोडी हलू लागली होती, म्हणजे भूल उतरू लागली होती. एवढ्यात परिचारिकेने मला तातडीने बोलावले. मातेचे दोन्ही पाय गुडघ्यापासून झटक्यासरशी उचलले जात होते. क्षणभर थांबत आणि पुन्हा उसळत. चादर पायांवर ठरत नव्हती. ती पूर्ण शुद्धीवर होती. घाबऱ्या आवाजात ती म्हणाली, “डॉक्टर, मी नाही हो हलवत. ते आपोआप हलतायत. धरून ठेवले तरी थांबत नाहीत.”

उशाशी तिच्या सासूबाई होत्या. नातवाला छातीशी धरून त्यांनी मला विचारले, “माझ्या सुनेच्या अंगावरून वारं गेलं का हो? काय असेल ते खरं सांगा.”

खरे सांगायचे, तर त्या क्षणी मलाही उत्तर ठाऊक नव्हते. मी त्यांना म्हणालो, “आजी, तुम्ही इथेच बसा. त्या शुद्धीवर आहेत, आपल्याशी बोलतायत, श्वास नीट चाललाय. हे कशामुळे होतंय ते मी आत्ता तपासतो आणि कळेल तसं तुम्हाला सांगतो.” पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत काय तपासले आणि का, हेच या लेखाचे सार आहे. त्यासाठी प्रथम या भुलेची थोडी माहिती घेऊ.

पाठीतील भूल म्हणजे काय

पाठीच्या कण्यातून भूल देण्याची पद्धत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. जर्मनीतील कील येथील शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी क्षयाने घोटा जडलेल्या एका मजुरावर या पद्धतीने शस्त्रक्रिया केली. त्या वेळी औषध होते कोकेन. त्यानंतर काही दिवसांतच बिअर आणि त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग स्वतःवरही करून पाहिला. पाय बधिर झाल्याचे सिद्ध झाले, परंतु नंतर दोघांनाही डोकेदुखीने ग्रासले. आज कोकेनची जागा बुपिव्हकेन या अधिक सुरक्षित औषधाने घेतली आहे आणि सुया केसासारख्या बारीक झाल्या आहेत. त्यामुळे ती डोकेदुखी आता पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी आढळते.

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली उतरतो. प्रौढ व्यक्तीत तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात सुटा तरंगत असतो. भूलतज्ज्ञ सुई घालतो ती या खालच्या भागात, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील फटीत. “पाठीत सुई घातल्याने मणका दुखावतो,” हा समज म्हणूनच बरोबर नाही. सुई जेथे जाते तेथे मज्जारज्जू नसतोच.

औषधाची मात्राही अगदी थोडी असते. सिझेरियनसाठी साधारण दोन मिलिलिटर, म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या आसपास बुपिव्हकेन पुरते. ते त्या द्रवात मिसळून मज्जातंतूंभोवती पसरते आणि संदेशांची ये-जा थांबवते. वेदना वर पोहोचत नाही, हालचालीचा हुकूम खाली पोहोचत नाही. छातीखालचा भाग बधिर होतो. माता मात्र जागी असते, स्वतः श्वास घेते आणि बाळाचे पहिले रडणे ऐकते. गरोदर स्त्रीला पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते, तसेच पोटातील अन्न फुप्फुसात जाण्याचा धोकाही असतो. पाठीतील भुलेने हे दोन्ही धोके टळतात. म्हणूनच सिझेरियनसाठी जगभर तीच प्रथम पसंतीची मानली जाते.

भारतात तिचा उपयोग किती मोठ्या प्रमाणावर होत असेल, याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दर शंभर प्रसूतींमागे सुमारे २१ प्रसूती सिझेरियनने झाल्या. इतक्या मोठ्या संख्येपुढे दुर्मीळ गोष्टही कुठे ना कुठे घडणारच. ती आपल्या दारी येईल तेव्हा आपण तयार असावे, एवढेच आपल्या हाती आहे.

झटके का येतात

शरीरातील एखादा स्नायू किंवा स्नायूंचा समूह आपल्या इच्छेविना विजेसारखा आखडून लगेच सैल पडतो, त्या हालचालीस वैद्यकात मायोक्लोनस म्हणतात. जर्मन वैद्य निकोलाउस फ्रीडराइख यांनी १८८१ मध्ये अशा विकाराचे वर्णन केले आणि तेव्हापासून हे नाव रूढ होत गेले. याचा सौम्य अनुभव आपणा सर्वांना आहे. डोळा लागता लागता अंग एकदम दचकते किंवा उचकी लागते, ते मायोक्लोनसचेच घरगुती नमुने होत. झटक्याचा उगम मेंदूत न होता मज्जारज्जूत झाला, तर त्यास स्पायनल मायोक्लोनस असे म्हणतात. पाठीतील भुलेनंतर क्वचित दिसतो तो हाच प्रकार.

त्याचे कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. तथापि, सर्वसाधारणपणे मान्य असलेले स्पष्टीकरण असे आहे. मज्जारज्जू हा केवळ निरोप्या नव्हे. स्नायूंना चाळवणाऱ्या पेशी त्याच्या ठायी असतात, तशाच त्या पेशींना आवरणाऱ्या पेशीही असतात. शिवाय मेंदूकडून उतरणारे संदेशही त्यांना सतत काबूत ठेवतात. नांगराला जुंपलेल्या बैलांना जसा कासऱ्याचा धाक, तसाच हा. भुलेचे औषध सर्व तंतूंवर एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात परिणाम करत नाही, आणि उतरतानाही ते असमान रीतीने उतरते. अशा वेळी एखाद्या स्त्रीत आवरणारी यंत्रणा अद्याप बधिर असते, चाळवणारी मात्र जागी होते. कासरा सुटतो आणि पाय उसळू लागतात. औषध पूर्ण उतरले, की कासरा पुन्हा हाती येतो. झटके आपोआप थांबण्यामागचे कारण हेच असावे.

या आवरणाच्या कामात गॅबा आणि ग्लायसिन या दोन रसायनांचा मोठा वाटा असतो. वाचकांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण लेखात पुढे एका गंभीर संदर्भात ती पुन्हा येणार आहेत.

हलणे एक, कारणे अनेक

बाळंतिणीचे अंग हलताना दिसले, की घरच्यांच्या मनात आकडी, धनुर्वात, वारे जाणे, दृष्ट असे अनेक तर्क उठतात. डॉक्टरांच्या मनातही एक यादी उलगडत असते, मात्र ती विशिष्ट क्रमाने. ती यादी येथे थोडक्यात देत आहोत.

पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे हुडहुडी. पाठीतील भुलेनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांना ती कमी-अधिक प्रमाणात भरते. भुलेमुळे पायांतील रक्तवाहिन्या सैलावतात, पोटा-छातीतील ऊब पायांकडे वाहून जाते आणि शरीर थंडावते. हुडहुडी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बधिर झालेले स्नायू कापू शकत नाहीत. म्हणून या भुलेतील हुडहुडी खांदे, हात आणि जबडा येथे दिसते, दात वाजतात, पाय मात्र निश्चल असतात. आमच्या रुग्णेचे चित्र नेमके याच्या उलट होते. हात शांत होते आणि पाय उसळत होते. उबदार पांघरूण, कोमट केलेले सलाईन आणि गरज पडल्यास औषधाची लहानशी मात्रा यांनी हुडहुडी आटोक्यात येते.

दुसरी शक्यता गरोदरपणातील रक्तदाबाच्या विकारातून येणाऱ्या आकडीची, म्हणजे एक्लॅम्प्सियाची. ही खरी जीवघेणी. ती प्रसूतीनंतरही येऊ शकते. तिच्यात बहुधा सर्व अंग आखडते आणि शुद्ध हरपते. रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने पाहणे आणि मॅग्नेशियम सल्फेट तयार ठेवणे, ही त्यावरची तातडीची पावले. आमची रुग्णा बोलत होती, प्रश्नांची उत्तरे देत होती आणि तिचा रक्तदाब योग्य होता.

तिसरी शक्यता रक्तातील साखर किंवा कॅल्शियम उतरल्याची, अथवा क्षारांचे प्रमाण बिघडल्याची. दिवसभर उपाशी असलेल्या स्त्रीत साखरेचा विचार करावाच लागतो. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने एका मिनिटात त्याचे उत्तर मिळते. बाकीच्या तपासण्यांसाठी नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा लागतो.

चौथी शक्यता अन्य औषधांच्या परिणामाची. उलटी थांबावी म्हणून दिल्या जाणाऱ्या मेटोक्लोप्रमाइडमुळे एखाद्या तरुण स्त्रीची मान वळते, डोळे वर चढतात, जीभ आणि जबडा आखडतो किंवा तिला विलक्षण अस्वस्थता येते. दिसायला हे भयंकर असले, तरी योग्य औषधाने लवकर ओसरते. बधिर करणारे औषध मोठ्या प्रमाणात रक्तात मिसळल्यासही आकडी येते. परंतु पाठीतील भुलेची मात्रा इतकी थोडी असते, की येथे ती शक्यता जवळजवळ नसतेच. तरीही अन्य प्रकारच्या भुलेसाठी त्यावरील उतारा, म्हणजे स्निग्ध द्रव्याचे सलाईन, शस्त्रक्रियागृहात हाताशी असावे लागते.

पाचवी शक्यता कण्यातील पोकळीत रक्त साचून मज्जातंतू दाबले जाण्याची. ही फारच दुर्मीळ. तिच्या खुणा वेगळ्या आहेत. पाठीत तीव्र कळ येते, उतरत चाललेली भूल पुन्हा चढू लागते, पायांतील ताकद परत येत नाही, लघवीवरचा ताबा जातो. अशा वेळी तातडीने एमआरआय करून काही तासांच्या आत शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच भूल उतरेपर्यंत परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन “पाय उचला, बोटे हलवा” असे सांगतात. तो उपचाराचाच भाग आहे.

सहावी शक्यता उरते. तिच्यासाठी स्वतंत्र परिच्छेद देणे आवश्यक आहे.

दोन सारख्या कुप्या

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध शिरेतून दिले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २१ देशांतील वीस हजारांवर स्त्रियांचा समावेश होता. हे औषध लवकर दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात दिसून आले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ते प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत देण्याची शिफारस केली. अनेक मातांचे प्राण वाचवणारे हे औषध म्हणूनच आज सिझेरियनच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात असते.

परंतु तेच औषध चुकून पाठीतून दिले गेले, तर ते घात करते. मघाशी उल्लेखिलेल्या गॅबा आणि ग्लायसिन या आवरणाऱ्या रसायनांचे कार्य ते रोखून धरते. कासरा नुसता सैल पडत नाही, तो तुटतो. भूल चढण्याऐवजी पाठीत आणि पायांत काही मिनिटांतच असह्य वेदना सुरू होतात. पायांना झटके येतात, ते वर सरकत जातात आणि सर्वांगाच्या आकड्या सुरू होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा २१ घटनांची नोंद असून त्यांपैकी १० रुग्ण दगावले होते. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी सर्व देशांना सावधगिरीची सूचना दिली. चुकीचे कारण साधे आहे. दोन्ही औषधे पाण्यासारखी रंगहीन आणि दोन्हींच्या काचेच्या कुप्या दिसायला अनेकदा सारख्या.

पाठीतील भुलेच्या इतिहासात औषधाच्या शुद्धतेचा प्रश्न पूर्वीही उद्भवला होता. १९४७ मध्ये इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे एकाच दिवशी दोन रुग्णांचे पाय या भुलेनंतर कायमचे लुळे पडले. कुप्या निर्जंतुक करण्यासाठी ज्या द्रावणात ठेवत, ते काचेच्या न दिसणाऱ्या तड्यांतून आत झिरपले असावे, असा निष्कर्ष तेव्हा न्यायालयात मान्य झाला. दुसऱ्याच एखाद्या रसायनाचा संसर्ग झाला असावा, असे मत पुढे मांडले गेले. कारण कोणतेही असो, त्या घटनेने ब्रिटनमधील लोकांच्या आणि डॉक्टरांच्या मनात या भुलेविषयी अनेक वर्षे धास्ती बसली. ही पद्धत वाईट नव्हती. सुईतून नेमके काय जात आहे, याची खात्री कमी पडली होती.

२०२२ ची ती सूचना वाचल्यावर मी आमच्याच भुलेच्या ट्रॉलीचा खण उघडून पाहिला. दोन्ही औषधांच्या कुप्या एकाच कप्प्यात, एकमेकींना लागून उभ्या होत्या. आजवर चूक घडली नव्हती, ती केवळ माणसांच्या दक्षतेमुळे. थकलेल्या माणसाच्या दक्षतेवर मातेचे प्राण टांगून ठेवणे योग्य नव्हे. त्याच दिवशी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल भुलेच्या ट्रॉलीतून काढून वेगळ्या कपाटात, ठळक लाल पट्टीच्या डब्यात हलवण्यात आले. पाठीत द्यायचे औषध भरण्यापूर्वी कुपीवरील नाव भूलतज्ज्ञाने मोठ्याने वाचायचे आणि परिचारिकेने स्वतः पाहून होकार द्यायचा, असा नियम झाला. रुग्ण देखरेख कक्षातून वॉर्डात जाईपर्यंत तिच्यासाठी वापरलेल्या रिकाम्या कुप्या फेकायच्या नाहीत, हा आणखी एक नियम. त्या सायंकाळी या नियमाची किंमत मला कळली. परिचारिकेने ट्रे आणून समोर ठेवला. कुपी बुपिव्हकेनचीच होती. शिवाय भूल नीट चढली होती, झटके दोन तासांनंतर सुरू झाले होते आणि वेदना नव्हती. सहावी शक्यता मिटली आणि माझ्या स्वतःच्या छातीवरचे ओझे उतरले.

उपचार आणि पुढील प्रवास

इतर सर्व शक्यता क्रमाने बाजूला सारल्यावर निदान उरले ते भुलेनंतरच्या स्पायनल मायोक्लोनसचे. आवरणाऱ्या गॅबा रसायनास बळ देणारी औषधे, म्हणजे मिडाझोलम, डायझेपाम किंवा क्लोनाझेपाम, यांचा अशा वेळी उपयोग होतो. आमच्या रुग्णेस मिडाझोलमची लहान मात्रा शिरेतून सावकाश दिली. या औषधाने झापड येते आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाशी ऑक्सिजन आणि शेजारी अखंड बसलेली परिचारिका, या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. झटके सौम्य झाले, थोड्या वेळाने पुन्हा डोकावले, पुन्हा विरळ झाले आणि मध्यरात्रीपूर्वी पूर्ण थांबले. पाय कशाला आपटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या. जोराने दाबून धरले मात्र नव्हते, कारण त्याने स्नायू दुखावतात आणि झटके थांबत तर नाहीतच.

आलेल्या सर्व अहवालांत काही दोष आढळला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मज्जाविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. ताकद, स्पर्शज्ञान, लघवीवरचा ताबा, सर्व काही पूर्ववत होते, त्यामुळे एमआरआयची गरज भासली नाही. दुपारी ती आधाराने वॉर्डात चालली.

प्रसिद्ध झालेल्या बहुतेक वृत्तान्तांमध्ये असाच प्रवास आढळतो. झटके काही मिनिटे ते काही तास टिकतात आणि बहुधा एका दिवसाच्या आत ओसरतात. पाठीतील भुलेच्या एकंदर सुरक्षिततेविषयी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सने देशव्यापी पाहणी करून २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वर्षभरात कण्यातून दिलेल्या सात लाखांहून अधिक भुलांपैकी कायमची इजा होण्याचे प्रमाण दर लाखामागे सुमारे दोन ते चार इतके होते आणि प्रसूतीसाठी दिलेल्या भुलेत ते आणखी कमी होते. हे आकडे भीती घालवणारे आहेत. ते शून्य नाहीत, हेही तितकेच खरे. सावधगिरी म्हणूनच सोडता येत नाही.

कुटुंबीयांसाठी काही शब्द

भुलेपूर्वीच्या तपासणीत कोणतीही गोष्ट लपवू नये. पूर्वी कधी आकडी आली असल्यास, मज्जासंस्थेचा आजार असल्यास, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा आधीच्या भुलेत काही वेगळे घडले असल्यास ते सांगावे. वेगळी भूल देणे किंवा अधिक तयारी ठेवणे त्यामुळे शक्य होते.

मातेचे अंग थरथरू लागल्यास प्रथम परिचारिकेस बोलवावे. अंगावर घट्ट बसू नये, हात-पाय बांधू नयेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये, कांदा-चप्पल नाकाशी नेऊ नये. तिच्याशी बोलत राहावे. ती उत्तर देते आहे का, एवढी एक गोष्ट आपण डॉक्टरांना सांगू शकलात, तरी मोठी मदत होते.

घरी गेल्यानंतर पायांत नवी दुर्बलता, पाठीत वाढत जाणारी कळ, लघवी अडणे किंवा तिच्यावर ताबा न राहणे, ताप, उठून बसल्यावर वाढणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके दिसल्यास वाट न पाहता रुग्णालयात यावे.

असे झटके एकदा येऊन गेलेल्या मातेच्या घरच्या कार्डावर आम्ही त्याची स्पष्ट नोंद करतो. कोणते औषध, किती मात्रा, किती वेळाने काय घडले, कशाने थांबले, हे सर्व त्यात असते. ते कार्ड जपून ठेवावे आणि पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी तेथील भूलतज्ज्ञास दाखवावे. पुन्हा तीच भूल द्यावी की दुसरी, याचा निर्णय तेव्हाची परिस्थिती पाहून आणि मातेशी बोलून घ्यायचा असतो.

देणगीदार व विश्वस्त यांना निवेदन

या हकिकतीत कोणतेही मोठे यंत्र नाही. साखर मोजणारे छोटे उपकरण, ऑक्सिजन व रक्तदाब दाखवणारा मॉनिटर, सलाईन कोमट करणारी पेटी, प्रयोगशाळेतील रात्रपाळी, कुप्यांसाठी वेगळे कपाट आणि मुख्य म्हणजे भूल उतरेपर्यंत रुग्णाच्या उशाशी असणारी प्रशिक्षित परिचारिका, एवढीच ती सामग्री. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर देणगीदाराचे नाव कोरता येते. परिचारिकेच्या रात्रपाळीवर ते कोरता येत नाही. परंतु त्या सायंकाळी पहिला झटका कुणाच्या तरी नजरेस लगेच पडला, तो त्या पाळीमुळेच. देखरेख कक्षातील परिचारिकांची संख्या कोणत्याही पाळीत कमी होऊ नये, हीच आमच्या विभागाची विश्वस्त मंडळास पहिली विनंती आहे. यंत्रांचा क्रम त्यानंतरचा.

दीड महिन्याने ती माता बाळाला घेऊन तपासणीस आली. सोबत सासूबाई होत्याच. “बघा डॉक्टर, आता माझ्यापुढे भराभरा चालते,” असे म्हणून त्या हसल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, “त्या रात्री तुम्ही ‘तपासतो आणि सांगतो’ म्हणालात आणि खरंच येऊन सांगितलंत. तेवढ्यावर धीर धरला.”



– भूलतज्ज्ञ, भूलशास्त्र विभाग